स्ट्रेप्टोमायसिनचा पहिला घाव कुठे?

आजच्या भागात एका जुन्या कोड्याचा इतिहास पाहू. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स इथे, सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी ते वेगळं केलं. ते जिवाणूंना मारतं हे लगेच दिसलं. कसं मारतं, याचा शोध मात्र पुढची चार दशकं चालला.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे नित्या आनंद तेव्हा हार्वर्डमध्ये बर्नार्ड डेव्हिस यांच्याबरोबर काम करत होते. पुढे तेच लखनौच्या संस्थेचे संचालक झाले. औषध दिल्यावर ई. कोलाय जिवाणूचं पेशीपटल गळू लागतं, असं १९६० मध्ये या दोघांनी दाखवलं. म्हणजे घाव पटलावर? पण एक गोष्ट अडत होती. क्लोरॅम्फेनिकॉल देऊन पेशीतली प्रथिननिर्मिती थांबवली, की स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूला मारू शकत नसे. पटल फाडणाऱ्या औषधाचा प्रथिनांशी काय संबंध?

उत्तर दिलं म्यूटंट जिवाणूंनी. कोट्यवधी जिवाणूंवर हे औषध टाकलं की जवळजवळ सगळे मरतात, एखादाच तगतो. त्याच्या जनुकात योगायोगाने बदल झालेला असतो. हा तगलेला जिवाणू डॉक्टरांना डोकेदुखी, पण संशोधकांसाठी साक्षीदार. त्याच्यात काय बदललंय ते शोधा, म्हणजे औषधाचा नेम कुठे आहे ते कळेल.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी साध्या आणि म्यूटंट जिवाणूंमधून रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, बाहेर काढली. परीक्षानळीत पटल नव्हतंच. तरीही साध्या जिवाणूंच्या रायबोसोमचं काम औषधाने बिघडलं, म्यूटंटचं सुरळीत चाललं. मग रायबोसोमच्या लहान आणि मोठ्या भागांची अदलाबदल केली. प्रतिकारशक्ती लहान भागाबरोबर जात होती. १९६९ मध्ये मासायासु नोमुरा यांच्या गटाने तो भाग सुटा करून, प्रथिनं बदलत पुन्हा जुळवला. फरक निघाला एस-१२ या एका प्रथिनात.

दरम्यान १९६४ मध्ये ज्युलियन डेव्हिस, वॉल्टर गिल्बर्ट आणि लुइजी गोरिनी यांनी दाखवलं होतं, की या औषधामुळे रायबोसोम संदेश चुकीचा वाचतो.

मग आनंद यांचं निरीक्षण चुकलं होतं का? नाही. १९८६ मध्ये बर्नार्ड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही धागे जोडले: चुकीची बनलेली प्रथिनं पटलात शिरतात, तिथे वाटा पडतात, त्यातून आणखी औषध आत घुसतं. पटल गळत होतंच. पण तो पहिला घाव नव्हता, पहिल्या घावाचा परिणाम होता.

याचं महत्त्व प्रयोगशाळेपुरतं नाही. क्षयरोगाच्या जिवाणूवर स्ट्रेप्टोमायसिन चालेनासं होतं, तेव्हा बऱ्याचदा याच एस-१२ प्रथिनाच्या जनुकात बदल सापडतो. मेलेल्या पेशीत अनेक जखमा दिसतात. त्यातली पहिली कोणती, हे जो वाचला त्याच्याकडूनच कळतं.