पोलिओचा डोस 'सार्वजनिक वस्तू' आहे का? समजून घ्या पब्लिक गुड आणि मेरिट गुडमधला फरक

सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, रस्त्यावरचे दिवे आणि पोलिओचा डोस. हे सगळं सरकार पुरवतं, म्हणून आपण सरसकट 'सार्वजनिक' म्हणून मोकळे होतो. अर्थशास्त्रात मात्र यातले फक्त दिवेच 'सार्वजनिक वस्तू', म्हणजे पब्लिक गुड ठरतात. बाकीच्या तिन्ही गोष्टी 'मेरिट गुड' आहेत.

पब्लिक गुड कशाला म्हणायचं?

वस्तू कोण पुरवतं यावर हे ठरत नाही, तर ती वस्तू कशी आहे यावर ठरतं. दिव्याखालून तुम्ही गेलात म्हणून माझ्या वाट्याचा उजेड कमी होत नाही. पालिकेचा कर थकवणाऱ्यालाही त्या उजेडातून वगळता येत नाही. या दोन्ही अटी पूर्ण झाल्या की ते पब्लिक गुड. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये या कल्पनेची गणिती मांडणी केली.

अडचण इथेच सुरू होते. कुणालाच वगळता येत नसेल, तर पैसे कोण देणार? जो तो दुसऱ्याने वर्गणी भरायची वाट बघणार. अर्थशास्त्रात अशांना 'फ्री रायडर' म्हणतात. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर फुकटे प्रवासी. म्हणून दिव्यांचा, लष्कराचा खर्च करातूनच करावा लागतो.

मग मेरिट गुड?

शाळेत किंवा दवाखान्यात पैसे न भरणाऱ्याला दारातून परत पाठवता येतं. बाजारात या सेवा विकत मिळतातही. पण लोकांवर सोडलं तर त्यांचा वापर गरजेपेक्षा कमी होतो. कधी पैसे नसतात, कधी महत्त्व कळत नाही. म्हणून सरकार त्या मोफत किंवा स्वस्तात देतं. ही संकल्पना रिचर्ड मस्ग्रेव्ह यांनी १९५० च्या दशकात मांडली. तिच्यावर टीकाही होते: लोकांच्या भल्याचं काय, हे सरकारने का ठरवायचं?

पोलिओचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. एका बाळाला पाजलेले दोन थेंब दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणजे डोस हे पब्लिक गुड नाही. पण भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम चालली, जानेवारी २०११ मध्ये हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे 'पोलिओमुक्त असणं' मात्र पब्लिक गुड आहे. डोस चुकवणाऱ्या घरालाही त्याचा फायदा मिळतो.

कोविडच्या वेळी हाच फरक खिशाला जाणवला. जून २०२१ मध्ये कोविशील्ड सरकारी केंद्रावर मोफत होती, तर खासगी रुग्णालयात एका डोसला ७८० रुपयांपर्यंत मोजावे लागत होते. लस तीच, पण खासगी दारात पैसे नसणाऱ्याला अडवता येत होतं. मेरिट गुडचा किती भार सरकारने उचलायचा, हा राजकीय निर्णय असतो आणि तो बदलतो. त्याच वर्षी १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठीच्या लसखरेदीची जबाबदारी राज्यांवर आली होती. २१ जूनपासून ती पुन्हा केंद्राने घेतली.

याच्या उलट तंबाखू आणि दारू या 'डिमेरिट गुड'. तिथे सरकार सवलत देण्याऐवजी कर लावतं. त्या करावर तिजोरीही भरते, हा भाग वेगळा.