शिक्षक आणि शिक्षकेतर : एका शब्दाचा इतिहास

शाळांचा इतिहास बहुधा शिक्षकांच्या नावांनी लिहिला जातो. घंटा देणारा शिपाई आणि दाखल्यांची नोंदवही सांभाळणारा लिपिक त्यात क्वचितच आढळतो. कायद्याने मात्र या साऱ्यांना एका पंक्तीत बसवले. दिल्लीच्या १९७३च्या शालेय शिक्षण अधिनियमाने आणि महाराष्ट्राच्या १९७७च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाने ‘कर्मचारी’ या एकाच शब्दात शिक्षक व शिक्षकेतर दोघांनाही सामावून घेतले. बडतर्फ झालेल्या शिपायालाही शिक्षकाप्रमाणेच न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क मिळाला. तरीही शिक्षककक्षात चहा नेऊन देणारा शिपाई स्वतःचा चहा दाराबाहेरच्या स्टुलावर बसून पितो, हे चित्र अनेक शाळांत टिकून राहिले. सेवेची सुरक्षितता कायदा देतो. शेजारची खुर्ची सहकाऱ्यांनीच द्यावी लागते.