मागाचा आवाज आणि शेजारधर्म

सोयरा निवडतां येतो, मित्र निवडतां येतो. शेजारी मात्र घराच्या भिंतीबरोबरच पदरांत पडतो. अंगणें मोठीं होतीं तोंवर याचा जाच कोणास फारसा झाला नाहीं. पुढें घरें एकमेकांस टेकलीं, एकाच्या घरचें काम दुसऱ्याच्या कानीं जाऊं लागलें, आणि शेजारधर्माची खरी परीक्षा सुरू झाली. या परीक्षेचा इतिहास पाहावयाचा तर भिवंडीसारखें दुसरें गांव आम्हांस दिसत नाहीं. कारण तेथें शेजाऱ्याचा आवाज हीच शेजाऱ्याची भाकरी आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रयुगाचा आहे असें मात्र नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, घरबांधणीचे नियम आले आहेत. दोन घरांमध्यें अंतर असावें. जनावरांची जागा, चूल, पाण्याचा रांजण, दळण्याकांडण्याचें साधन हीं मांडतांना पाऊलभर किंवा हातभर जागा सोडावी. न सोडल्यास चोवीस पण दंड. इतकें सांगून ग्रंथकार थांबत नाहीं. घरमालकांनीं एकत्र येऊन आपल्या सोयीप्रमाणें बांधावें, मात्र अनिष्ट तें टाळावें, अशी मोकळीकही तो देतो. म्हणजे पहिला उपाय अंतराचा. आणि अंतराहून मोठा उपाय आपसांतील ठरावाचा.

तिसरा उपाय न्यायालयाचा. १८७९ सालीं लंडनमधील एक खटला या बाबतींत प्रसिद्ध आहे. एक मिठाईवाला आपल्या स्वयंपाकघरांत वीस वर्षांहून अधिक काळ मोठे खल चालवीत होता. पलीकडील डॉक्टरानें आपल्या बागेच्या टोकास तपासणीची खोली बांधली, आणि खलाच्या घावांनीं त्यास रोग्याची छाती तपासणें अशक्य झालें. न्यायालयानें कौल डॉक्टराच्या बाजूनें दिला. मात्र त्याच निकालांत असेंही सांगितलें कीं धनिकांच्या चौकांत जो उपद्रव ठरतो तो चामडें कमावणाऱ्यांच्या वस्तींत उपद्रव ठरेलच असें नाहीं. आम्हांस हें वाक्य निकालाहूनही महत्त्वाचें वाटतें. ज्या वस्तींत सर्वांचेंच पोट एका धंद्यावर आहे, तेथें उपद्रव म्हणावयाचें तरी कशास?

भिवंडी ही अशीच वस्ती. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानांतील मोमीन विणकर येथें येऊन स्थायिक झाले. त्यांचे हातमाग घरांतच असत. विणणाऱ्याचा हात थकला कीं आवाजही थांबे. १९३० नंतरच्या दशकांत गांवांत वीज खेळूं लागली आणि हातमागाच्या जागीं यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनीं टाकलेले जुने माग येथील घरांत व गाळ्यांत येऊन बसले. पद्मनगरांत तेलुगु पद्मशाली विणकरांची वस्ती वाढली. १९८२ च्या जानेवारींत मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला, आणि गिरण्यांचें काम मोठ्या प्रमाणांत भिवंडीकडे वळलें. मागांची संख्या लाखांत गेली. घरें मात्र तितक्याच जागेंत एकमेकांस खेटून राहिलीं.

यंत्रमागाचा आवाज कशाचा असतो? धोटा एका पेटींतून दुसऱ्या पेटींत मारला जातो, तेथें आदळतो, आणि पुन्हां उलट मारला जातो. हें मिनिटास शंभराहून अधिक वेळां घडतें. एका खोलींत असे बारा माग लागले कीं आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. लँकेशायरच्या विणकर स्त्रिया या गदारोळांत एकमेकींचे ओठ पाहून बोलण्यास शिकल्या होत्या. भिवंडींत त्याच आवाजाची धग भिंतीपलीकडे जाते. फडताळांतील भांडीं हलतात, अभ्यासास बसलेलें मूल कानांत बोटें घालतें. बाराबारा तासांच्या दोन पाळ्यांत माग चालतो, तेव्हां रात्रही दिवसासारखीच. उलट रात्रपाळी करून आलेला कामगार दुपारीं निजूं पाहतो, तेव्हां शेजारच्या घरांतील भांडणें आणि मुलांचा गलका त्याच्याच उशाशीं असतो. येथें त्रास देणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी वांटणी करतांच येत नाहीं.

भारत सरकारनें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल. औद्योगिक भागांत ७५ व ७०. रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. नियम उत्तम आहेत. पण निवास एकीकडे आणि उद्योग दुसरीकडे, हें त्यांत गृहीत आहे. ज्या भिंतीच्या एका अंगास माग आणि दुसऱ्या अंगास पाळणा आहे, ती भिंत कोणत्या भागांत धरावी?

म्हणून अखेरीस कौटिल्याच्या ठरावाकडेच यावें लागतें. आवाजाच्या तंट्यास दरवेळीं लहान समजूं नये. १९७० च्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशीं भिवंडींत दंगल उसळली, आणि १९८४ सालीं गांव पुन्हां होरपळलें. त्यानंतर १९८८ मध्यें पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांचीं साधीं माणसें नियमानें एकत्र बसूं लागलीं, किरकोळ तक्रारी तेथेंच मिटूं लागल्या. १९९२-९३ च्या वणव्यांत मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली, याचें श्रेय या समित्यांस दिलें जातें. ज्याचें नांव ठाऊक आहे, ज्याच्याशीं काल बोललों आहोंत, त्याचा आवाज अर्धा कमी होतो, हें सत्य त्यांतून दिसतें. मागाखालीं रबराची पट्टी घालावी, शेजाऱ्याकडील खिडकी बंद ठेवावी, परीक्षेच्या दिवसांत रात्रीं दोन माग थांबवावे, इतकें मागावयास न्यायालय लागत नाहीं, ओळख लागते.

भिवंडीचे माग शुक्रवारीं विसावा घेतात, आणि त्या दिवशीं गांवास पांखरांचा आवाज ऐकूं येतो. पण २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली तेव्हां सगळेच वार शुक्रवार झाले. ज्या शांततेची शेजारी वर्षानुवर्षें इच्छा करीत होते ती एका रात्रींत मिळाली, आणि तिच्या पाठोपाठ रिकामीं पोटें घेऊन कामगार पायीं गांवीं निघाले. शेजाऱ्याची चूल थंड करून मिळालेली शांतता कोणास गोड लागत नाहीं. शेजाऱ्याचा माग चालावा आणि आपलें मूलही निजावें, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मागतां येणें, यालाच आम्ही शेजारधर्म म्हणतों.