सैतानाचे कुळ आणि मूळ

वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला ‘सैतान’ म्हणण्याची आम्हां मास्तर मंडळींची जुनी खोड. एकदा अशाच एका पोराने विचारले, “गुरुजी, सैतान आला कोठून?” मला उत्तर येईना. घरी येऊन बायबल उघडले.

हिब्रू भाषेत ‘सातान’ म्हणजे विरोधक, आरोप ठेवणारा. ईयोबाच्या ग्रंथात तो देवाच्या दरबारी हजर होतो. देवाच्या परवानगीवाचून त्याचे काही चालत नाही. मी चमकलो तो दावीद राजाच्या गोष्टीपाशी. राजाने प्रजेची शिरगणती केली आणि राज्यावर मरी कोसळली. ही बुद्धी त्याला कोणी दिली? शमुवेलाचा दुसरा ग्रंथ म्हणतो, कोपलेल्या देवाने. नंतर लिहिलेला इतिहासाचा पहिला ग्रंथ म्हणतो, सैतानाने!

मध्यंतरी काय घडले? इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, ज्यू बाबिलोनात बंदिवान झाले; ५३९ मध्ये इराणच्या कुरुशाने बाबिलोन जिंकले. इराण्यांच्या धर्मात अंग्र मैन्यू, म्हणजे आपल्या पारशी शेजाऱ्यांचा अहरिमन, होता. त्याची छाया ज्यूंच्या कल्पनेवर पडली असावी, असे अनेक पंडित मानतात. पुढे ख्रिस्ताला रानात मोह घालणारा तो हाच, आणि कुराणात आदमापुढे नमायला नाकारणारा इब्लीसही याच कुळातला.

दुसऱ्या दिवशी पोराला एवढेच सांगितले, “देवाच्या माथी दोष नको, म्हणून माणसाने सैतान वाढवला.”

तो घटकाभर गप्प राहिला. मग म्हणाला, “फळ्यावरचे चित्र मीच काढले होते, गुरुजी.”

तेव्हापासून मी कोणाला सैतान म्हणत नाही.