प्रतिस्पर्ध्यांच्या शोधातील संघ : चॅपेल हिलच्या महिला फुटबॉलची घडण

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठाने १९७९ मध्ये मुलींच्या फुटबॉल संघाला अधिकृत दर्जा दिला, तेव्हा खेळाडूंपेक्षाही प्रतिस्पर्ध्यांची वानवा अधिक होती. त्या भागातील मोजक्याच विद्यापीठांत असे संघ होते, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा अद्याप सुरूच झालेली नव्हती, आणि हंगामातील सामन्यांची यादी भरण्यासाठी हौशी क्लबांशी व शाळकरी मुलींच्या संघांशीही गाठ घालावी लागत असे. पुढील साडेचार दशकांत या संघाने मिळवलेल्या विजेतेपदांची मोजदाद अनेकांनी केली आहे. परंतु बाहेर चुरस नसताना ती रोजच्या सरावात कशी निर्माण केली गेली, आणि त्याच वेळी बाहेरची स्पर्धा उभारण्यासाठीही याच संघाच्या प्रशिक्षकाला कशी खटपट करावी लागली, हा भाग त्या आकड्यांहून अधिक मोलाचा आहे.

अमेरिकी विद्यापीठांत खेळाचे दोन स्तर असतात. ‘क्लब’ म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः वर्गणी काढून चालवलेला संघ, आणि ‘व्हर्सिटी’ म्हणजे विद्यापीठाच्या खर्चाने चालणारा, पगारी प्रशिक्षक असलेला आणि विद्यापीठाच्या नावाने उतरणारा अधिकृत संघ. मुलींचे खेळ दीर्घकाळ पहिल्या स्तरावरच अडकून राहिले होते. १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ या प्रकरणाने केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाधारित भेदभावाची मनाई केली, १९७५ मध्ये त्याचे नियम लागू झाले, आणि ते अमलात आणण्यासाठी महाविद्यालयांना १९७८ पर्यंतची मुदत मिळाली. मुलांच्या खेळांत सर्वांत मोठा खर्च होता तो हेल्मेट घालून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी फुटबॉलचा, ज्याच्या एकेका संघात शंभराच्या आसपास खेळाडू असतात. त्या पारड्यासमोर मुलींच्या बाजूला काही ठेवायचे, तर पंचवीस-तीस जणींना सामावून घेणारा आणि साधनसामग्रीचा फारसा बोजा नसलेला खेळ सोयीचा ठरणार होता. ज्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात आणि आपल्याकडे नुसते फुटबॉल, तो खेळ या हिशेबात नेमका बसला. ब्राउन विद्यापीठाने १९७५ मध्येच आपल्या महिला संघाला अधिकृत दर्जा दिला होता.

चॅपेल हिलच्या क्लबातील मुलींनी अशाच दर्जाची मागणी केली, तेव्हा क्रीडा संचालक बिल कोबी यांनी मुलांच्या संघाचे तरुण प्रशिक्षक ॲन्सन डॉरन्स यांना त्यांचा खेळ पाहून अभिप्राय देण्यास सांगितले. डॉरन्स यांचा जन्म १९५१ मध्ये मुंबईत झाला होता. वडील तेल कंपनीत असल्याने त्यांचे बालपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर अशा देशांत आणि शालेय शिक्षणाचा काही काळ स्वित्झर्लंडमध्ये गेला. त्यामुळे बहुतेक अमेरिकी मुलांना अपरिचित असलेला हा खेळ त्यांच्या अंगवळणी पडला होता. याच विद्यापीठातून खेळून पदवी घेतल्यावर ते कायद्याचे शिक्षण घेत होते, आणि ते अर्धवट सोडून पुढे पूर्णवेळ प्रशिक्षणाकडे वळले. त्यांचा अभिप्राय अनुकूल होता, आणि कोबी यांनी नव्या संघाची जबाबदारीही त्यांच्यावरच सोपवली. १९८८ पर्यंत दोन्ही संघ त्यांच्याकडे होते.

राष्ट्रीय स्पर्धेचा प्रश्न मात्र एका विद्यापीठाच्या हातात नव्हता. महिलांच्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार तेव्हा ‘एआयएडब्ल्यू’ ही १९७१ मध्ये स्थापन झालेली आणि मुख्यतः महिलांनीच चालवलेली संघटना पाहत असे. डॉरन्स यांनी कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला सोबत घेऊन तिच्याकडे पाठपुरावा केला, आणि १९८१ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा चॅपेल हिललाच भरली. यजमान संघाने अंतिम सामन्यात सेंट्रल फ्लोरिडाला १-० असे हरवले. त्याच सुमारास पुरुषांच्या खेळांची बलाढ्य संघटना ‘एनसीएए’ हिने महिलांच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि तिच्या पैशापुढे व दूरचित्रवाणी करारांपुढे एआयएडब्ल्यूचा निभाव लागला नाही. १९८२ मध्ये महिलांची ही संघटना बंद पडली. त्या वर्षीच्या एनसीएएच्या पहिल्या महिला फुटबॉल स्पर्धेत बारा संघ होते आणि अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर आले. निकाल २-० असा नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने लागला. स्पर्धा टिकली ही समाधानाची बाब असली, तरी महिलांच्या खेळाचा कारभार महिलांच्या हातून गेला, हे नुकसान फार मोठे होते आणि त्याची नोंद विजयाच्या वर्णनांत क्वचितच घेतली जाते.

सरावाची पद्धत हा या संघाच्या घडणीचा गाभा. याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ आपल्या सरावात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद मदतनिसांकडून लिहून घेत असत. डॉरन्स यांनी ही रीत पाहिली आणि ती फुटबॉलच्या मैदानावर आणली. पुढे ‘कॉम्पेटिटिव्ह कॉल्ड्रन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या पद्धतीत धावणे, हेडिंग, गोलवरचे फटके, छोट्या मैदानावरचे चार-पाच जणींचे सामने अशा प्रत्येक प्रकारात हार-जीत ठरे, ती वहीत उतरे, आणि सर्व खेळाडूंचा क्रम सर्वांना दिसेल असा फलकावर लावला जाई. त्यांतील सर्वांत कठोर प्रकार होता तो एकास एक झुंजीचा : दोघीजणी, एक चेंडू, मदतीला कोणी नाही आणि लपायला जागा नाही. मैत्रीण असलेल्या सहकारी मुलीला सर्वांदेखत हरवण्याचा संकोच, जो मुलींच्या अंगी लहानपणापासून मुरवला जातो असे डॉरन्स यांना वाटे, तो या झुंजींत मोडून पडावा असा त्यामागचा हेतू होता.

या हेतूची कसोटी १९८३ मध्ये एप्रिल हाइनरिक्स ही कोलोरॅडोची खेळाडू प्रथम वर्षात दाखल झाल्यावर लागली. ती सरावातही प्रत्येक चेंडूसाठी निकराने भिडत असे आणि ज्येष्ठ मुलींनाही सूट देत नसे. सहकाऱ्यांनी तिच्याविषयी कुरकूर केली, तेव्हा तिला आवर घालण्याऐवजी इतरांनी तिच्यासारखे व्हावे, अशी भूमिका डॉरन्स यांनी घेतली. संघाची वृत्ती या निर्णयाने ठरली, असे म्हणण्यास आधार आहे. कारण नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीसाठी मापदंड म्हणून उभी राहिली ती हाइनरिक्स, आणि पुढे राष्ट्रीय संघाची कर्णधार व नंतर प्रशिक्षकही तीच झाली.

मैदानावरील डावपेचही याच सरावातून निघाले. मागे तीन, मध्ये चार आणि पुढे तीन खेळाडू अशी रचना करून प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्याच अर्ध्या भागात घेरायचे आणि चेंडू तेथेच हिसकावायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. अशा खेळात खेळाडू लवकर दमतात. परंतु महाविद्यालयीन नियमांत बदली खेळाडू मुबलक उतरवता येत असल्यामुळे चॅपेल हिलचा संघ ताज्या दमाच्या फळ्या एकामागून एक मैदानात सोडू शके. फलकावर पंधराव्या-सोळाव्या क्रमांकावर असलेल्या मुलीलाही त्यामुळे खऱ्या सामन्यात काम मिळे, आणि रोजच्या चुरशीला अर्थ येई.

१९८६ ते १९९४ अशी सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे याच पद्धतीतून आली. नेमकी हीच वर्षे डॉरन्स अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात या संघाने ग्वांगझू येथील अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ असे हरवले. दोन्ही गोल मिशेल एकर्स हिचे होते, आणि अठरा जणींच्या चमूतील निम्म्या खेळाडू चॅपेल हिलच्या होत्या. मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली ही त्यांतली पुढे जगभर गाजलेली नावे.

प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या जवळिकीवर उभ्या असलेल्या या व्यवस्थेची दुसरी बाजूही इतिहासात नोंदवली गेली आहे. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स व विद्यापीठ यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करीत खटला भरला, आणि ज्या टायटल नाइनमुळे हा संघ जन्मला तोच कायदा त्यांनी आधाराला घेतला. डॉरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. एका तक्रारदाराशी २००४ मध्ये आणि दुसरीशी २००८ मध्ये तडजोड झाली. दुसऱ्या तडजोडीत विद्यापीठाने ३,८५,००० डॉलर देण्याचे मान्य केले आणि खेळाडूंच्या खासगी आयुष्याविषयीच्या थट्टामस्करीत सहभागी झाल्याबद्दल डॉरन्स यांनी लेखी दिलगिरी व्यक्त केली. प्रशिक्षकाच्या हाती खेळण्याची संधी, शिष्यवृत्ती आणि पुढील वाटचालीची किल्ली एकवटलेली असताना त्याच्या सहज बोलण्यालाही केवढे वजन येते, याचे भान क्रीडासंस्थांना या प्रकरणाने दिले असेल, तर ते उशिराच आले म्हणावे लागेल.

दरम्यान बाहेरची परिस्थिती पार पालटली होती. एनसीएएच्या कक्षेतील महिला फुटबॉल संघ ऐंशीच्या दशकारंभी शंभरही नव्हते. आज ते हजाराहून अधिक आहेत. महिला संघांच्या प्रशिक्षकाचे पद पगाराचे व प्रतिष्ठेचे झाले तसे पुरुष प्रशिक्षकांचे प्रमाण वाढत गेले : १९७२ मध्ये महाविद्यालयांतील महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक महिला होत्या, तर पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले. म्हणूनच फ्लोरिडा विद्यापीठाचे उदाहरण विशेष लक्षणीय ठरते. तेथे १९९४ मध्ये बेकी बर्ली या तरुण प्रशिक्षिकेची नेमणूक झाली तेव्हा संघच नव्हता. तिने एकेक खेळाडू जमवून १९९५ मध्ये पहिला हंगाम खेळला, आणि चौथ्याच हंगामात, १९९८ मध्ये, अंतिम सामन्यात डॅनिएल फोटोपुलोस हिच्या एकमेव गोलच्या बळावर चॅपेल हिलला १-० असे नमवले.

डॉरन्स यांच्या एकवीस एनसीएए विजेतेपदांपैकी सोळा पहिल्या एकोणीस हंगामांत, म्हणजे २००० पर्यंत आली. नंतरच्या तेवीस हंगामांत पाचच, आणि त्यांतले शेवटचे २०१२ मध्ये. या उतरणीला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल, कारण आता प्रत्येक फेरीत तुल्यबळ संघ समोर उभे होते आणि त्यांतील कित्येकांची उभारणी चॅपेल हिलच्याच पद्धती अभ्यासून झाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये हंगाम तोंडावर असताना ते निवृत्त झाले आणि हंगामी प्रशिक्षक म्हणून डेमन नहास यांनी सूत्रे घेतली. डिसेंबरमध्ये त्याच राज्यातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० असे हरवून संघाने बारा वर्षांनी पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.