आमच्यामागं याचं कोण?

श्रोतेहो, मतिमंद मुलाच्या आईला एक प्रश्न रात्री झोपू देत नाही: "आमच्यामागं याचं कोण?" मूल लहान असते तोवर शाळा असते, गुरुजी असतात. पुढे ते पंचविशीचे होते. गुरे राखते, पाणी भरते, आपले आपण जेवते. अशा माणसाला शाळा नको नि इस्पितळही नको. त्याला हवी असते चार माणसांची संगत. ती समाजाने केव्हा दिली आणि केव्हा नाकारली, ते आज थोडक्यात पाहू.

बेल्जियम देशात गील नावाचे गाव आहे. मध्ययुगात तिथल्या संत डिम्फनेच्या देवळात मनोरुग्णांना आणि मतिमंदांना बरे वाटावे म्हणून आणीत. देवळाची जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घेतले. शेतकऱ्याच्या पंक्तीला जेवायचे, त्याच्याच शेतात झेपेल ते करायचे. ही रीत शतकानुशतके चालली. १९३८ साली असे साडेतीन हजारांहून जास्त लोक गीलच्या घरांतून राहत होते. आता संख्या घटली, पण रीत मोडलेली नाही.

आपल्या देशात इंग्रजी अमदानीने निराळी वाट धरली. १९१२ च्या कायद्याने वेडा आणि मतिमंद यांना एकाच नावाखाली घातले. वास्तविक वेड हा आजार. मतिमंदत्व ही जन्माची घडण. घडणीला औषध नसते, तिला शिकवण आणि सोबत लागते. ही गल्लत दूर व्हायला १९८७ चा कायदा यावा लागला.

मधल्या काळात काम केले ते आईबापांनी आणि शिक्षकांनी. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. तीच आजची जय वकील शाळा. १९६४ साली पुण्यात कामायनी निघाली. पण मुले मोठी होतातच! स्कॉटलंडमध्ये डॉक्टर कार्ल कोनिग यांनी १९४० साली कॅम्पहिल येथे अशा मुलांचे घर उभारले. ती मुले वाढली, तेव्हा १९५५ साली इंग्लंडात बॉटन येथे प्रौढांसाठी वस्तीच वसवावी लागली.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण म्हणजे मुळशी तालुक्यातील कोळवणचे साधना व्हिलेज. १९९४ साली ते सुरू झाले. तिथे राहणाऱ्या मतिमंद प्रौढांना 'विशेष मित्र' म्हणतात. ते घरासारखे एकत्र राहतात, जमेल तसे काम करतात, आणि संस्था आसपासच्या गावांचेही काम करते. त्यामुळे कुंपणाआड पडलेली ती वसाहत राहिली नाही.

आता कुणी म्हणेल, कोळवण कुठे नि आपले कळंब कुठे! पण आपल्या तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते. भाविक चुनखडीचे खडे वेचतात. कोण किती वेचतो, कुणी मोजत नाही. जो वेचील त्याचा खडा राशीत पडतो. हाच न्याय बारा महिने चालवता येणार नाही काय?

भजनात झांज धरायला, दुधाच्या किटल्या उचलायला, शाळेच्या झाडांना पाणी घालायला अशा माणसाला बोलवावे. ठरलेली वेळ, ठरलेले काम आणि हाक मारणारा एक माणूस, एवढ्याने त्याचा दिवस उभा राहतो. कामाचे दाम मात्र चुकवू नये. 'वेडा' म्हणून दिलेली भाकरी आणि 'गडी' म्हणून दिलेली मजुरी यांत फार अंतर आहे.

गुरुजींनी आणखी एक सांगावे. अठरा वर्षांनंतर अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करावा लागतो. हा कागद आईबाप हयात असतानाच करून घ्यावा.

कागदाने पालक मिळेल. संगत मात्र गावानेच द्यायची आहे, आणि तीही आईचे डोळे मिटण्याआधी.