अक्षर आणि त्याचा अंक

यंत्राला अक्षर वाचता येत नाही, त्याला अंक तेवढे कळतात. तेव्हा संगणकात 'क' साठवावयाचा म्हणजे 'क' ची आकृती नव्हे, तर त्याच्या नावे ठरवून दिलेला एक अंक साठवावयाचा. हे अंक ठरविताना आमच्या लिपीचा विचार केव्हा आणि कसा झाला, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कल्पना संगणकाहून जुनी आहे. एमिल बोदो या फ्रेंच तंत्रज्ञाने १८७४ मध्ये तारायंत्रासाठी पाच-पाच संकेतांच्या जुळणीतून ३२ खुणा सिद्ध केल्या. त्याच परंपरेत १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' ही संहिता आली. तीत जागा १२८ आणि 'ए' चा अंक ६५. त्या पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान अक्षरेदेखील नव्हती, मग देवनागरीची काय कथा!

पुढे संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा लोकांनी एक पळवाट काढली. इंग्रजी अक्षराचा अंक तसाच ठेवून पडद्यावर त्याच्या जागी मराठी आकृती दाखवावयाची. छापील पानावर सारे सुरेख दिसे, परंतु तोच मजकूर ज्या यंत्रावर तो टंक नाही तेथे नेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी हाती येई. अशा रीतीने टंकलिखित केलेले विपुल मराठी लेखन आपापल्या टंकात कोंडून पडले. ज्याला आपण मराठी मजकूर समजत होतो, तो यंत्राच्या लेखी मराठी नव्हताच.

याला खरे उत्तर 'इस्की' या भारतीय संहितेने दिले. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, आणि १९९१ साली या संहितेला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यातील निर्णय मला फार मोलाचा वाटतो. अंक द्यावयाचा तो आकृतीला नव्हे, वर्णाला. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवताना 'क' आधी आणि वेलांटी नंतर, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. 'कर्म' मधला रफार 'म' च्या डोक्यावर बसत असला तरी त्याचा अंक 'म' च्या आधी येतो. आकृती जुळविण्याचे काम यंत्राने करावे! मराठी टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्यांना हे प्रथम उफराटे वाटले असल्यास नवल नाही, कारण तेथे वेलांटीची कळ आधी दाबावी लागे.

१९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने हीच भारतीय मांडणी, तिच्या १९८८ च्या रूपात, आधाराला घेतली. त्यात 'क' चा अंक २३२५, हलन्ताचा २३८१, 'ष' चा २३५९, आणि हे तिन्ही ओळीने आले की 'क्ष'. त्याला स्वतंत्र जागा नाही.

पण मराठीची एक अडचण होती. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दोन्हींत 'र' आणि 'य' यांचाच जोड, फरक फक्त रफाराचा आणि आडव्या 'र' चा. हिंदीला हा भेद लागत नाही. द्राविडी भाषांतील एका वेगळ्या 'र' चे लिप्यंतर करता यावे म्हणून नुक्त्याच्या 'ऱ' ला जागा दिलेली होती. मराठीचा आडवा 'र' तिच्यावर बसविण्यात आला. शिवाय साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण देऊनही तीच आकृती काढता येते. म्हणजे दिसावयास एकच शब्द, आणि आत त्याची दोन वेगळी रूपे!

'ॲ' ची गोष्ट अशीच आहे. त्याला स्वतःचा अंक मिळाला तो २००८ साली. तोवर लोक 'अ' वर चंद्र चढवून काम भागवीत, आणि पुष्कळजण अजूनही भागवितात. त्यामुळे 'ॲसिड' हा शब्द एकाने एका रीतीने लिहिला आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधला, तर ही दोन रूपे एकच मानण्याची तजवीज ज्या यंत्रात केलेली नसेल, ते तो शब्द सापडत नाही असेच सांगते.